दुसरी यादी कुणी काढली

राजापेठेत एका शिकवणीच्या क्लासच्या डोक्यावर मुनव्वर सरांचं ऑफिस होतं. खाली पोरं दिवसभर रसायनशास्त्राची सूत्रं ओरडायची आणि वर चार माणसं कम्प्युटरसमोर बसून क्लाउड सांभाळायची. क्लाउड सांभाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे सरांच्या बायकोला लग्नाच्या बारा वर्षांनंतरही कळलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर सरांनाही ते धर्मपाल आल्यावरच कळलं.

धर्मपाल दर्यापूरकडचा. आई सुंदराबाई लोकांच्या वावरात निंदायला, वेचायला जायची आणि त्यावर तिनं पोराला इंजिनिअर केला. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून तो परत आला. पुण्याहून परत आलेल्या माणसाकडे आपल्याकडे लोक जरा संशयानंच पाहतात. काढून टाकला असेल, काही भानगड केली असेल. भानगड एवढीच होती की दर रविवारी आईच्या हातचं जेवायला मिळेल अशा अंतरावर त्याला राहायचं होतं.

आल्या आल्या त्यानं नकाशा काढला. ऑफिस ज्या संस्थांची कामं सांभाळत होतं त्यांची माहिती कुठल्या भाड्याच्या यंत्रावर ठेवलेली आहे, तिथून ती कुठे जाते, कुठल्या दारातून बाहेर पडते, हे सगळं चौकटी आणि बाण काढून दाखवणारा नकाशा. तो नुसतं चित्र नव्हता; नकाशातली चौकट काढली की तिच्यामागचं कामही बंद पडायचं. चौकटीवर क्लिक केलं की उजवीकडे तिचा इतिहास उघडायचा: ही चौकट कधी आली, कुणी बदलली, काय बदललं. काढून टाकलेल्या चौकटीही पुसल्या जायच्या नाहीत. तारीख मागे ओढली की त्या परत जागच्या जागी दिसायच्या. प्रत्येक नोंदीखाली कारण लिहायला एक रकाना होता. त्याला धर्मपालनं नाव दिलं ‘काहून’, म्हणजे का. काहून भरल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, आणि काही काढायचं असेल तर आधी त्या चौकटीचा इतिहास वाचायचा.

‘‘दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरचा गोटा उचलाच्या आंधी तो कोनं ठेवला ते इचारतो न आपन?’’ तो म्हणायचा. ‘‘मंग इथी काहून नाही इचारत?’’

नकाशाचं ते सॉफ्टवेअर एका माणसापुरतं फुकट होतं, म्हणून चौघंही धर्मपालच्याच नावानं आत शिरायची. त्यामुळे इतिहासात जिथं तिथं त्याचंच नाव. खरं कुणी केलं ते कळावं म्हणून काहूनच्या शेवटी ज्यानं त्यानं आपलं नाव लिहायचं, असाही नियम होता. नियम चांगला होता. पाळणारी माणसं तुमच्याआमच्यासारखी होती.

त्यातली एक नाजिया. बाप शिंपी, घर अमरावतीतच. धर्मपालच्या हाताखाली तीन वर्षं शिकून तयार झालेली, हाताला चपळ आणि त्या चपळाईचा थोडा गर्व असलेली. धर्मपालला ती दादा म्हणायची. तो तिच्या चुका चारचौघांत कधी दाखवायचा नाही. संध्याकाळी सगळे गेले की म्हणायचा, ‘‘नाजिया, ते जरा एक डाव पाह्य बरं,’’ आणि पाणी प्यायला बाहेर जायचा. परत येईपर्यंत तिनं चूक शोधलेली असायची. अशा माणसाच्या हाताखाली माणूस शिकतोही आणि थोडा निष्काळजीही होतो, कारण मागे तो आहे हे माहीत असतं.

बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, खाल्ली त्या वर्षी यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. पुढच्या हंगामात अकोल्याच्या एका संस्थेनं मुनव्वर सरांना काम दिलं: रोज सकाळी सहा वाजता गावोगावच्या कास्तकारांना फोन जायला हवा, आज वारा कसा आहे, ऊन किती आहे, फवारा मारायचा की नाही. आवाज कुणाचा घ्यायचा यावर संस्थेत दोन बैठका झाल्या आणि शेवटी धर्मपालचाच घेतला. ‘‘आज वारा सुटून राहिला. दुपारी पंप पाठीवर घेऊ नोका. उपाशीपोटी तर घेऊच नोका.’’ एवढंच. पण वऱ्हाडीत, घरच्या माणसानं दटावल्यासारखं.

महिनाभरानं धर्मपालला एक गोष्ट खटकली. संस्थेची यादी सातबाऱ्यावरून केलेली होती. म्हणजे फोन जायचा जमिनीच्या मालकाला, आणि मालक अमरावतीत फ्लॅटमध्ये चहा पीत असायचा. पंप ज्याच्या पाठीवर, त्याच्या नावावर वावर कुठलं असायला? त्यानं चार रविवार गावागावात हिंडून मजुरांचे नंबर गोळा केले आणि नकाशात एक नवी चौकट घातली: ‘यादी २’. त्याच्या गावातला जानराव त्या यादीत होता. पंधरा वर्षं लोकांच्या वावरात फवारा मारणारा हा माणूस फोन आला की तो मालकाच्या गावातल्या माणसाच्या कानाला लावायचा, म्हणायचा, ‘‘आयका, धर्मपाल नाही म्हनून राहिला.’’ सुंदराबाईचाही नंबर धर्मपालनं त्यातच टाकला होता. ती काही फवारा मारत नव्हती. तिला रोज सकाळी पोराचा आवाज ऐकू यावा, एवढाच त्यातला गैरकारभार.

आता ऑगस्टमधला तो सोमवार. बुधवारी बकरी ईद होती. नाजिया चार वाजल्यापासून घड्याळाकडे पाहत होती, कारण घरच्यांबरोबर तिला त्याच संध्याकाळी शेंदूरजनाघाटला नानीकडे जायचं होतं. धर्मपाल त्या दिवशी अकोल्याला संस्थेत गेलेला. मुनव्वर सरांनी सकाळीच तिला सांगून ठेवलं होतं की नकाशात जे वापरात नाही ते काढून टाका, उगाच गर्दी नको. नाजियानं भराभर आठ-दहा चौकटी काढल्या. ‘यादी २’पाशी आली. यादी एक आहेच, मग ही दोन कशाला? दुपारभर तिच्यातून काही ये-जा झालेली दिसत नव्हती. होणार कशी? ती सकाळी सहाला दहा मिनिटं जागी व्हायची आणि दिवसभर गप्प असायची. चौकटीचा इतिहास उघडायला एक क्लिक लागलं असतं. नाजियानं ते केलं नाही. काहूनमध्ये लिहिलं, ‘वापरात नाही’, आणि घाईत खाली नाव टाकायचंही राहिलं. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सव्वासहाची गाडी तिला मिळाली.

मंगळवारपासून मजुरांचे फोन बंद झाले. मालकांचे चालू होते, त्यामुळे तक्रार कुणाची नाही. गुरुवारी भर दुपारी, वारं सुटलेलं असताना, जानराव पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, अकोल्याच्या दवाखान्यात नेलं आणि शनिवारी पहाटे तो गेला. शुक्रवारी सुंदराबाईनं पोराला फोन केला होता, ‘‘काहून रे, चार दिवस झाले तुहा सकायचा फोन नाही?’’ तेव्हा कुठे धर्मपालनं नकाशा उघडला आणि यादी परत घातली. शनिवारी तो जानरावच्या मातीला गावाला गेला. परत येताना दर्यापूरच्या रस्त्यावर अंधार पडता पडता विनादिव्याच्या ट्रॉलीला त्याची मोटारसायकल मागून धडकली. दवाखान्यात न्यायचीसुद्धा गरज उरली नाही.

नाजियाला हे शेंदूरजनाघाटला रविवारी कळलं. सोमवारी ऑफिसात येऊन तिनं पहिल्यांदा ‘यादी २’चा इतिहास उघडला. तीन नोंदी होत्या, तिन्ही धर्मपालच्या नावानं. पहिली जुलैअखेरची. काहून: ‘मालकाले फोन जाते, फवारनारा वावरात. धर्मपाल.’ दुसरी तिची स्वतःची, बिननावाची: ‘वापरात नाही.’ तिसरी शुक्रवारची. काहून: ‘माह्या चुकीनं निंगाली होती. परत टाकली. धर्मपाल.’

त्या आधीच्या सोमवारी तो अकोल्यात होता. चौकट आपण काढली नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि कुणी काढली हेही त्यानं ओळखलं असणार. ऑफिसात तेव्हा काढायचं काम दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. तिसरी नोंद वाचून नाजिया मोरीत जाऊन रडली, तोंड धुतलं आणि सरळ मुनव्वर सरांपुढे उभी राहिली. सर वाईट माणूस नव्हे. धर्मपालच्या मातीला ते स्वतः खांदा देऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि म्हणाले, ‘‘संस्थेला धर्मपालनं सोता फोन करून सांगतलं होतं, की माझ्याकडून झालं. ते प्रकरण त्यांनी मिटवलं. आता तू काय उकरतेस, बेटा? जानेवाला तो गया. त्याला काय फरक पडते?’’

नाजियाला हे पटलं नाही, पण तिनं ते ऐकलं. भित्र्या माणसाला एवढा आधार पुरतो. नकाशात झालेली नोंद बदलता येत नाही, खाली नवी घालता येते. रोज सकाळी ती नवी नोंद उघडायची, काहूनच्या रिकाम्या रकान्याकडे पाहायची आणि बंद करायची. असे चाळीस दिवस गेले.

ऑक्टोबरात एका दुपारी सुंदराबाई जिना चढून वर आली. नीट नेसलेलं पांढरं लुगडं, हातात काही नाही. मुनव्वर सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं चहा घेतला नाही.

‘‘नाजिया कोन होय?’’ तिनं विचारलं.

‘‘मी, मावशी.’’

‘‘तो तुहं नाव घे. लय हुशार पोरगी हाय म्हने.’’ सुंदराबाई तिच्या शेजारच्या स्टुलावर बसली. ‘‘गावात म्हनतात का माह्या पोरानं फोन बंद केले, म्हनून जानराव मेला. तो सोता बी तेच म्हने. पन मले काई पटून नाही राहिलं वं. ज्यानं उन्हातान्हात फिरून नंबर जमा केले, तो ते काहून पुसन? तुमच्या त्या नकाशात कोनं काय केलं ते सारं लिवलं रायते, असं तोच सांगे. मले दाखव. मी चौथी शिकली हाय, अक्षरं लागतात मले.’’

नाजियानं मुनव्वर सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. तिनं तारीख मागे ओढली आणि चौकटीवर क्लिक केलं. सुंदराबाई पडद्याजवळ तोंड नेऊन बोटानं एकेक अक्षर लावत गेली. ध, र्म, पा, ल. दुसऱ्या नोंदीपाशी बोट थांबलं. ‘वापरात नाही.’ वर नाव पोराचं. तिसरी तिनं दोनदा वाचली. माह्या चुकीनं निंगाली होती.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानंच केलं मंग.’’ गुडघ्यावर हात टेकून ती उठली. ‘‘बरं झालं दाखवलं. आता मन तरी मांगंपुढं होनार नाही.’’ सरांना तिनं ‘जय भीम’ म्हटलं, नाजियाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाराबाहेर गेली.

तो हात फिरवला नसता तर नाजिया कदाचित तशीच बसून राहिली असती. आपण काही तिला फार शूर म्हणायला नको. सुंदराबाईच्या चपला जिन्यावर वाजत खाली गेल्या, मधल्या वळणावर पोचल्या, तेव्हा नाजिया धावली. क्लास सुटला होता, पोरं जिन्यात दाटली होती, आणि त्या पोरांच्या मधून तिनं सुंदराबाईचा दंड धरला.

‘‘मावशी, ते मी केलं.’’

‘‘काय?’’

‘‘ती यादी मी काढली. दादाच्या नावानं आमी सारेच काम करतो. ईदले जाची घाई होती मले. नाव टाकलं नाही. दादा त्या दिवशी अकोल्याले होते. त्याइनं माह्यावर येऊ नये म्हनून आपल्या अंगावर घेतलं.’’

पोरं दोघींना वळसा घालून उतरत राहिली. सुंदराबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती आणि नाजियाला वाटलं, आता ही आपल्या तोंडात मारेल. मारावी असंही वाटलं.

‘‘किती दिवस झाले?’’ सुंदराबाईनं विचारलं.

‘‘चाळीस.’’

‘‘चाळीस दिवस मी गावात खाल मान घालून पानी भरून राहिली.’’ ती भिंतीला टेकली. पदरानं तोंड पुसलं. ‘‘मले सांगून काय होते? केशरबाईले सांग. जानरावच्या बायकोले. चाल.’’

नाजिया आधी वर गेली. मुनव्वर सर दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ती खुर्चीत बसली, ‘यादी २’खाली नवी नोंद उघडली आणि लिहिलं: ‘२० ऑगस्टला ही चौकट मी काढली. इतिहास न वाचता. धर्मपाल त्या दिवशी अकोल्यात होते. नाजिया.’ संस्थेची माणसंही हा नकाशा पाहण्यापुरता उघडतात, सरांना ते माहीत होतं. ते काहीतरी बोलणार होते, पण दारात परत येऊन उभ्या राहिलेल्या सुंदराबाईकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते बाजूला झाले.

दर्यापूरपर्यंत बस आणि पुढे काळीपिवळी जीप. बसमध्ये सुंदराबाई दीड तास खिडकीशी बसून बाहेर पाहत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं वावर, बोंडं फुटायला लागलेली पऱ्हाटी. जीपमध्ये चौदा माणसांत दाटीवाटीनं बसल्यावर ती एकदम म्हणाली, आणि तेही समोर पाहत,

‘‘मातीवरून आल्यावर तो केशरबाईच्या दारात गेला. पाया पडला. म्हने काकू, माह्या हातानं झालं. तिचा नवरा सकाळी जाळलेला, तिले कुठलं भान? तिनं तळतळाट देला. म्हने तुह्या मायले बी असंच तुहं तोंड झाकलेलं दिसन. लोकाइनं आयकलं. मी आयकलं. तो उठला, गाडी काढली. दिवे लागनीले निरोप आला.’’

एका फाट्यावर दोन माणसं उतरली, जीप पुढे निघाली.

‘‘तवापासून ती घराच्या बाहीर नाही निंगाली,’’ सुंदराबाई म्हणाली. ‘‘वावरात जात नाही, कोनाशी बोलत नाही. लोकाइले वाटते नवऱ्याचं दुःख हाय. मले मालूम हाय कायचं हाय ते. माह्या आंगनासमोरून जाची येळ आली त ती मांगच्या मांग फिरते.’’

केशरबाईचं घर वस्तीच्या टोकाला. ती ओसरीवर बसून सुपातल्या तुरी निवडत होती, निवडलेल्याच परत निवडत होती. सुंदराबाईला दारात पाहिल्याबरोबर तिनं सूप खाली ठेवलं आणि आत जायला उठली.

‘‘बस, केशर,’’ सुंदराबाई म्हणाली. ‘‘हे पोरगी तुले काई सांगाले आली. आयकून घे.’’

नाजियानं सांगितलं. जिन्यात सांगितलं तेवढंच. सांगण्यासारखं आणखी काही नव्हतंच. केशरबाई जमिनीकडे पाहत ऐकत होती. सगळं संपल्यावर तिनं मान वर केली. वय पन्नास असेल, पण डोळे एखाद्या थकलेल्या म्हातारीचे.

‘‘म्हन्जे धर्मपालनं नाही केलं?’’

‘‘नाही काकू. त्याइनं तर परत चालू केलं.’’

‘‘मंग मी कोनाले बोलली वं?’’

नाजिया म्हणाली, ‘‘मले बोला. जे त्याइले बोलले ते मले बोला.’’ तिला ते मनापासून हवं होतं. केशरबाईनं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलंही. पण आतून काही आलं नाही. ज्या तोंडून एकदा तसं निघालं आणि खरं झालं, त्या तोंडाची तिला आता भीती वाटत होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

‘‘चांगला पोरगा होता,’’ ती हातांच्या आडून म्हणाली. ‘‘माह्या पाया पडून राहिला होता अन् मी... सुंदराबाई, ते वापस कसं घेऊ मी? कोनाले सांगू का वापस घेतलं म्हनून?’’

सुंदराबाई ओसरीवर तिच्याजवळ बसली. तिनं केशरबाईचे हात तोंडावरून ओढून काढले आणि आपल्या मांडीवर धरून ठेवले.

‘‘मले सांग,’’ ती म्हणाली. ‘‘मी माय होय त्याची. मले सांग.’’

केशरबाईनं सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिनं सुंदराबाईच्या खांद्यात तोंड घातलं आणि जे काही म्हणाली ते फक्त त्या दोघींनाच ऐकू आलं. सुंदराबाई तेव्हा पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, पोर गेल्यावरही रडली नव्हती तशी, आणि शेजारपाजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. नाजियाला कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. ती अंगणात तशीच उभी राहिली. शेवटची जीप निघून गेली, तरी उभीच होती.